आमच्या जिप्सीचा ज्वर

संस्कृतच्या मास्तरानें मोटारीच्या रेडिएटरवर लेख लिहावा, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. चौतीस वर्षें मीं मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं. पदार्थविज्ञानाची माझी मजल मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे कधीं गेली नाहीं. परंतु ज्या विषयांतील माझ्या अज्ञानामुळें घरांतील वडील माणसाच्या जिवावर बेतलें, तो विषय मागाहून कां होईना, समजून घेणें मला भाग पडलें.

आमचें घर वाईस आहे, पण शेत पांचगणीपलीकडील खोऱ्यांत. पसरणीचा घाट चढून पांचगणीस पोंचलें कीं मोठा रस्ता सोडावयाचा आणि सात किलोमीटर दगडगोट्यांच्या गाडीवाटेनें खालीं उतरावयाचें. पावसाळ्यांत वाटेंतला ओढा अडवितो, उन्हाळ्यांत चाकें धुळींत रुततात. म्हणून माझ्या पुतण्यानें २०१७ सालीं एक जुनी जिप्सी विकत घेतली. मारुती कंपनीनें हें वाहन १९८५ सालीं बाजारांत आणलें तेव्हां त्याचें इंजिन ९७० घन सेंटिमीटरचें होतें. पुढें १९९६ मध्यें १,३०० घन सेंटिमीटरचें आलें. आमची गाडी या दुसऱ्या जातीची. खासगी गिऱ्हाइकांसाठीं ती आतां निघत नाहीं. पण सैन्यांत व पोलिसांत इतकीं वर्षें राबल्यामुळें तिची नाडी जाणणारे मिस्त्री अद्याप ठिकठिकाणीं आढळतात. अंगानें लहान, वजनानें हलकी, चारी चाकांना जोर देतां येणारी. माझे थोरले बंधु, ज्यांना घरांत आम्ही सारे दादा म्हणतों, तिला कौतुकानें “घोडी” म्हणत.

गाडी घेतली तेव्हां मिस्त्रीनें पुतण्याला बजावलें होतें कीं, हिच्यांत साधें पाणी घालूं नका, कूलंट घाला. डबा पाहून मला हंसूं आलें. पाण्यासाठीं पैसे मोजावयाचे! ज्या विहिरीच्या पाण्यावर आमच्या चार पिढ्या वाढल्या तें या लोखंडाला चालूं नये काय? मीं तसें बोलून दाखविलें आणि पुतण्यानें माझा शब्द खालीं पडूं दिला नाहीं. पुढें एका उन्हाळ्यांत गाडी जरा तापूं लागली, तेव्हां कोणा ट्रकवाल्याकडून ऐकलेली दुसरी विद्या मीं पाजळली: इंजिनाच्या तोंडाशीं थर्मोस्टॅट नांवाचा एक पडदा असतो, तो पाण्याची वाट अडवितो, तो काढून टाक. तोहि निघाला. आधींच्या मालकानें पंख्याभोवतालचें फुटकें कडें काढून फेकलें होतें आणि समोरच्या जाळीवर दोन भले मोठे दिवे बसविले होते. त्यांकडे कोणीच लक्ष दिलें नाहीं. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरळीत चाले.

१४ मे २०२२ रोजीं दुपारीं शेतावर दादांच्या छातींत कळ आली. त्यांचें वय त्या वेळीं चौऱ्याहत्तर. घामानें सदरा भिजला, डावा हात जड झाला. पुतण्यानें त्यांना पुढें बसविलें, मी व वहिनी मागें बसलों, आणि खालच्या गिअरांत गाडी चढणीला लागली. चार किलोमीटर गेल्यावर तो म्हणाला, “काका, कांटा वर चालला आहे.”

“चालव. थांबूं नकोस. आतां थोडेंच राहिलें,” मीं सांगितलें.

शेवटून दुसऱ्या वळणावर बॉनेटच्या दोन्हीं बाजूंनीं वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलें. वहिनी दादांना पदरानें वारा घालूं लागल्या. पुतण्या मोबाईलला रेंज मिळते का पाहण्यासाठीं टेकाडावर धांवला. मला स्वस्थ बसवेना. मीं खांद्यावरचा पंचा रेडिएटरच्या झांकणावर घातला व तें पिळलें. उकळत्या पाण्याचा लोट माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आला. त्यानंतर खालून एका शेजाऱ्याचा टेंपो येईपर्यंत पन्नास मिनिटें गेलीं. दादा वांचले. मात्र त्यांच्या हृदयाचा कांहीं भाग कायमचा दुबळा झाला. तीं पन्नास मिनिटें मिळालीं असतीं तर तो वांचला असता काय, असें मीं डॉक्टरांना विचारलें. असें निश्चित सांगतां येत नाहीं, असें ते म्हणाले; आणि माझ्या हाताची पट्टी बदलावयास परिचारिकेला सांगून निघून गेले.

इस्पितळाच्या ओसरीवर रात्रीं मीं पुतण्याला म्हटलें, “चूक माझी.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मिस्त्रीचें खरें आहे हें मला ठाऊक होतें, काका. पण तुम्हांला ‘नाहीं’ कसें म्हणावयाचें?” भाजलेल्या हातापेक्षां मला हें वाक्य अधिक लागलें. आमच्यासारख्या एकत्र घरांतून वडिलांचा शब्द मोडूं नये असें आपण मुलांना शिकवितों, आणि तो शब्द कोणत्या विषयावरचा आहे हें पाहावयास मात्र कोणाला शिकवीत नाहीं.

जून महिन्यांत गाडी दोरानें ओढून वाईस आणली व मीं रोज मिस्त्रीच्या ओट्यावर जाऊन बसूं लागलों. त्यानें मला जें शिकविलें तें असें. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा सुमारें चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकीच उष्णता धुराबरोबर जाते, आणि तितकीच इंजिनाभोवतीं खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. तें पाणी रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून उतरतें व नळ्यांभोवतालच्या पातळ पत्र्यांना लागणारा वारा त्याला निववितो. सपाटीवर गाडीच्या वेगामुळेंच वारा मिळतो. चढणीवर खालच्या गिअरांत इंजिन जिवाच्या आकांतानें फिरतें आणि गाडी मात्र माणसाच्या चालीनें सरकते. उष्णता पुरी, वारा नाहीं. त्या वेळीं सारा भार पंख्यावर. आणि पंख्याभोंवतीं कडें नसलें तर तो जाळींतून नवी हवा ओढण्याऐवजीं आपलीच गरम हवा पुन्हां पुन्हां घुसळीत राहतो. समोरच्या दिव्यांनीं उरलासुरला वाराहि अडविलेला.

रेडिएटर उघडावयास आम्ही साताऱ्याच्या एका कारागिराकडे गेलों. त्याचे वडील तांब्यापितळेचीं भांडीं घडवीत. मुलगा डाख देण्याची तीच विद्या मोटारीवर चालवितो. त्यानें वरची टाकी डाख वितळवून अलग केली आणि आंतल्या नळ्यांचीं तोंडें मला दाखविलीं. निम्म्याहून अधिक पांढऱ्या पुटांनीं बुजलीं होतीं. हीं पुटें मीं आयुष्यभर पाहिलेलीं! आमच्या न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाला हेंच धरतें. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार तापल्यावर खालीं बसतात आणि दर दिवाळीच्या आधीं वहिनी तो बंब खरवडून चिंचेनें उजळतात. घरीं येऊन मीं हा शोध सांगितला तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, “मला विचारलें असतेंत तर मींच सांगितलें असतें.”

जुन्या जाळींत नळ्यांच्या दोन रांगा होत्या. तिच्या जागीं त्याच टाक्यांना तीन रांगांची तांब्याची जाळी डाखून घेतली. पुतण्याला चार रांगा हव्या होत्या. कारागीर म्हणाला, जाळी फार जाड केली तर वारा तिच्यांतून नीट शिरतच नाहीं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतां पोंचतां तोहि गरम झालेला असतो. त्यापेक्षां पंख्याला कडें करा. ॲल्युमिनियमचे तयार रेडिएटर हल्लीं मिळतात व ते वजनाला हलके असतात. तरी तांब्यापितळेला चीर पडली तर गांवोगांवचा कारागीर तिला डाख देऊं शकतो, म्हणून आम्हीं जुनीच धातु ठेविली. विजेचा पंखा लावावा कीं काय, यावर पुतण्या व मिस्त्री यांचा दोन दिवस वाद झाला. ओढ्यांतून जातांना तो बंद ठेवतां येतो, हा पुतण्याचा मुद्दा मला पटलाहि होता. पण मीं या वेळीं तोंड उघडलें नाहीं. शेवटीं इंजिनावरचाच पंखा कायम ठेवून पत्र्याचें नवें कडें बसविलें आणि समोरचे दिवे काढून बाजूला लावले. मधल्या काळांत इंजिनाचें हेडहि किंचित् वांकल्याचें आढळलें होतें. त्याचें फेसिंग करून गॅसकेट बदललें. या कामाचा खर्च रेडिएटरहून अधिक झाला.

सर्वांत स्वस्त वस्तु मला सर्वांत विस्मयकारक वाटली. ती म्हणजे रेडिएटरचें झांकण. त्याच्या पोटांत एक स्प्रिंग असते आणि वर ०·९ असा आंकडा कोरलेला असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास तितक्या किलोग्रॅमचा दाब होईपर्यंत तें उघडत नाहीं. दाब वाढला कीं पाणी उशिरां उकळतें. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. तेथें उघड्या भांड्यांतलें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. पण झांकण घट्ट असेल तर तेंच ११५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. आमच्या झांकणाचें रबर भेगाळून निकामी होत आलें होतें. तें दाब पुरता धरीत नव्हतें म्हणून पाणी लवकर उकळलें. आणि जो कांहीं दाब उरला होता तो मीं एकदम मोकळा केला, म्हणून शंभराच्या वर गेलेलें पाणी क्षणांत वाफ होऊन माझ्या हातावर उडालें. इंजिन थंड होऊन हात टेकवतां येईपर्यंत त्या झांकणाला कोणीहि शिवूं नये, हें मी आतां घरांतील नातवंडांनाहि सांगतों.

थर्मोस्टॅटची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरांत झाली. हा पडदा म्हणजे मेणानें भरलेली पितळेची एक कुपी. पाणी ठराविक तापलें कीं मेण फुगतें व वाट उघडते. इंजिन लवकर ऊबदार व्हावें आणि मग त्याच उबेंत राहावें हें त्याचें काम. तो काढला तर सपाटीवर इंजिन गारठलेलें राहून झिजतें, पेट्रोल जास्त खातें, आणि बुजलेल्या नळ्या कांहीं त्यामुळें मोकळ्या होत नाहींत. नवा थर्मोस्टॅट दोऱ्यानें बांधून पाण्यांत सोडला, शेजारीं तापमापक धरला. स्वयंपाकाचें पातेलें द्यावयास वहिनींनीं साफ नकार दिला. अखेर बागेला पाणी घालावयाचें जुनें टमरेल मिळालें. चारी नातवंडें भोंवतीं गोळा झालीं. ८२ अंशांवर त्या कुपीनें जेव्हां आपलें तोंड उघडलें, तेव्हां धाकटीनें टाळ्या पिटल्या.

आतां गाडींत एक भाग कूलंट व दोन भाग ऊर्ध्वपातित पाणी असतें. कूलंटमधील ग्लायकॉल पाण्याहून कमीच उष्णता वाहतें, हें ऐकून मला नवल वाटलें; पण त्यामुळें द्रव उशिरां उकळतो, आणि त्यांत मिसळलेलीं द्रव्यें गंज धरूं देत नाहींत. गृहिणींनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं हें ग्लायकॉल चवीला गोडसर व अत्यंत विषारी आहे. उरलेला डबा मुलांच्या व मांजरांच्या वाटेंत ठेवूं नये. आम्ही तो कुलपांत ठेवतों. दर दोन वर्षांनीं तें बदलावयाची तारीख मीं दिनदर्शिकेवर एकादशीच्या शेजारीं लिहून ठेविली आहे.

पहिला कांटा नुसता ‘थंड’ व ‘गरम’ एवढेंच सांगे. पुतण्यानें त्याच्या जागीं आंकड्यांचा कांटा बसविला आहे. सपाटीवर तो चौऱ्यांशीच्या आसपास असतो, चढणीवर नव्वदीच्या थोडा पुढें जातो. एकदां २०२३ च्या एप्रिलमध्यें तो सत्त्याण्णवांवर गेला तेव्हां पुतण्यानें मला न विचारतां गाडी उभी केली, बॉनेट उघडून इंजिन मंद चालूं ठेवलें, आणि आम्ही दहा मिनिटें करवंदें खात बसलों. पाहिलें तों जाळींत वाळलें गवत अडकलें होतें.

दादा हल्लीं महिन्यांतून एकदां शेतावर येतात. पुढेंच बसतात. त्या वळणावर आलें कीं ते इतर कांहीं बोलत नाहींत. चष्मा सांवरून कांट्यावरचा आंकडा मोठ्यानें वाचतात. २०२४ च्या वैशाखांत तो एक्याण्णव होता.