यास बेटावरचे तीन दिवस

फॉर्म्युला वनच्या हंगामातली शेवटची शर्यत अबुधाबीच्या यास बेटावर होते आणि त्याच तिकिटावर रात्रीच्या गाण्याच्या जलशालाही प्रवेश मिळतो. मुलांच्या हिशेबाने एका पैशात दोन जत्रा, मोठ्यांच्या हिशेबाने एका पैशात दोन वाद. तिकिटांची बेरीज ऐकून भाभींनी विचारले, "एवढ्यात बसने उमरा होत नाही का?" होतो. त्यावर कुणी उत्तर दिले नाही, पण तिकिटे काढली गेली.

२०२४ च्या डिसेंबरची ६, ७ आणि ८ तारीख. शारजाहून आम्ही सहा जण निघालो आणि मुसफ्फाला नातलगांच्या घरी उतरलो, कारण त्या आठवड्यात यासवरच्या हॉटेलांचे भाडे आपल्यासारख्यांनी विचारूही नये. आमच्यात मामू होते. मामूंनी अबुधाबीत बावीस वर्षे ट्रेलर चालवला. त्यांच्या काळी यास म्हणजे नुसती वाळू होती; शर्यतीचा रस्ता तयार होऊन पहिली शर्यत झाली ती २००९ साली.

शुक्रवारी पहिला सराव दीड वाजता आणि जुम्याची वेळ सव्वा वाजता. सराव सोडला. शेख झायेद मशिदीत जुमा पढलो. पांढऱ्या संगमरवराच्या त्या अंगणाबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे पुन्हा नको. ८२ घुमट मोजायचे मुलांनी ठरवले होते, तिशीपर्यंत पोचून सोडून दिले. संध्याकाळी पाचच्या दुसऱ्या सरावाला मात्र यासवर हजर होतो.

आमची जागा गवताच्या उतारावर होती. खुर्ची नाही, चटई आपली आपण न्यायची, पण रस्त्याचा मोठा भाग नजरेत येतो. गाडी दिसण्याआधी आवाज येतो आणि आवाज कुठून आला ते कळेपर्यंत गाडी गेलेली असते. २०१४ पासून इंजिने लहान झाली, विजेची जोड आली, तरी लहानग्यांच्या कानांना झाकण हवेच. सोबत न्या, तिथे महाग पडते. एक हॉटेल चक्क रस्त्यावर पुलासारखे बांधलेले आहे, त्याखालून गाड्या जातात आणि अंधार पडला की त्याचे छत रंग बदलते. पिटमधून बाहेर पडणारी वाट बोगद्यातून रस्त्याखालून जाते. मुलांना हा बोगदा फार आवडला.

मामूंना आवडले ते वेगळेच. चार चाके जेमतेम अडीच सेकंदांत बदललेली पाहून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ऑगस्टमध्ये लिवाच्या रस्त्यावर एक टायर बदलायला मला दीड तास लागायचा. नट हाताला चिकटायचा." पुढच्या दोन्ही दिवशी ते गाड्यांकडे कमी आणि चाके बदलणाऱ्या माणसांकडे जास्त पाहत होते.

खरी अडचण रविवारी. शर्यत पाचला सुरू होते आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडात सुरू होऊन दिव्यांत संपणारी शर्यत अशीच तिची ख्याती आहे. म्हणजे मगरिबची वेळ बरोबर शर्यतीच्या मध्यात. आम्ही कोकणातले, शाफई. सफरमध्ये मगरिब मागे ठेवून इशासोबत जमा करायची मुभा आम्हाला आहे, फक्त मगरिबच्या वेळेत तशी नियत हवी. दूल्हाभाई मराठवाड्याचे, हनफी. त्यांच्याकडे कस्र आहे, अशी जमा नाही. सूर्य गेला तसे ते उठले आणि गर्दीतून वाट काढत नमाजच्या खोलीकडे गेले. मामूंनी बसल्या जागी नियत केली.

तेव्हा आमच्या सोळा वर्षांच्या भाचीने प्रश्न टाकला. "मामू, गुनाहच्या सफरला सवलत नसते ना? मग गाणे गुनाह असेल तर तुमची जमा कशी चालेल?"

मामू म्हणाले, "मी शर्यतीला आलोय. गाण्याला तू आलीयस. तुझे तू बघ."

भाची उठली आणि दूल्हाभाईंच्या मागे गेली. शर्यतीच्या पाच-सहा फेऱ्या तरी दोघांच्या हुकल्या असतील. परत आल्यावर तिने पहिले विचारले ते हॅमिल्टन कितवा आहे. मर्सिडीजकडून त्याची ती शेवटची शर्यत. सोळाव्या जागेवरून निघालेला हा माणूस शेवटच्या फेरीत आपल्याच संघातल्या रसेलला मागे टाकून चौथा आला. जिंकला नॉरिस, आणि मॅक्लारेनला २६ वर्षांनी संघांचे अजिंक्यपद मिळाले. पण आमच्या भोवतीचे लोक चौथ्या आलेल्यासाठीच उभे राहिले होते.

गाण्याचा वाद शनिवारीच अर्धा मिटला होता. त्या रात्री एमिनेम होता. त्याच्या गाण्यांतली भाषा भाभींनी मोबाइलवर वाचून पाहिली आणि विषय संपला. तरुण मंडळी तोंड पाडून मुसफ्फाला परतली. रविवारी म्यूज या इंग्लिश बँडचा कार्यक्रम. घरातल्या निम्म्यांच्या मते वाद्य म्हटले की ते नाजायजच, निम्म्यांच्या मते शब्द आणि संगत पाहून ठरवावे. आम्हाला दुसरे मत पटते, पण पहिल्या मताच्या माणसाला हसावे असे ते मत नाही. ठरले असे की इशा पढून जायचे, सोबत दूल्हाभाई, अकराला फाटकाशी हजर.

मामू, भाभी आणि आम्ही बाहेर कट्ट्यावर चहा घेत बसलो. ढोलांचा ठेका कानाऐवजी छातीत ऐकू येत होता. भाभी म्हणाल्या, "आत जाऊन वेगळे काय ऐकणार?" मामूंनी तस्बीह काढली होती, पण बोटे अधूनमधून थांबत होती, ठेक्यामुळे की झोपेमुळे, ते आम्ही विचारले नाही.

अकराला पाच मिनिटे असताना भाची आली, आवाज बसलेला. मामूंनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि गाडीची चावी दूल्हाभाईंकडून मागून घेतली. बेटाबाहेर पडायलाच आम्हाला सव्वा तास लागला.