रिकाम्या टोपलीचं गाव

बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाचे वन्यप्राणी म्हणजे कात्रजचं प्राणिसंग्रहालय. तिकीट काढलं की वाघ दिसायलाच हवा! त्यामुळे मार्चमधल्या एका वीकेंडला आम्ही तिघे ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत वेळासला निघालो, तेव्हा "कासवं नक्की दिसतील ना?" हे गाडीत चारदा तरी विचारून झालं.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, बाणकोटजवळचं छोटंसं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते हेच. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री इथे येतात, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि परत निघून जातात. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून नेली जायची. २००२ साली भाऊ काटदरेंच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला.

काम ऐकायला सोपं आहे. किनाऱ्यावर मादीचा माग शोधायचा, अंडी अलगद काढायची आणि कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं आपणहून वर येतात. वर टोपली पालथी घातलेली असते, ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची. बस्स.

शनिवारी संध्याकाळी कुंपणाभोवती ही गर्दी! टोपल्या एकेक करून उचलल्या... सगळ्या रिकाम्या. मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, जरा उकरून बघा की. पोरं लांबून आलीयेत."

"तयार झाली की येतील. आपण काढायची नाहीत," कार्यकर्ता शांतपणे म्हणाला.

खरं सांगू? मला हे उत्तर फार आवडलं. घरोघरी पाहुणे उतरतात ते या पिल्लांसाठीच. पाहुणा नाराज झाला तर नुकसान गावाचंच, तरी खड्ड्याला हात नाही. आमच्या हापिसात क्लायंट आला की अर्धवट कोडचाही डेमो होतो!

रविवारी सकाळी मात्र एका टोपलीखाली सतरा पिल्लं निघाली. काळपट, मुठीत मावतील एवढी. दोरीच्या अलीकडे थांबून सगळे गप्प. लाटेनं दोन-तीन उलटीपालटी झाली, पुन्हा सरळ होऊन निघाली. यातलं हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात.

आणि जे होतं, ते कुठवर जावं? ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर. तिला आपल्या शनिवार-रविवारचं काय कौतुक?

असो. जाणार असाल तर निदान एक रात्र मुक्काम करा. आणि टोपली रिकामी निघाली तरी यजमानांवर चिडू नका, मंडळी. आपण पैसे देतो ते दर्शनाचे नाहीत, राखणीचे.