अंजिराच्या पाटीतलं पाणी

"काय गं पोरी, रोज भाव विचारतेस, घेतेस कधी?" मंडईतल्या अंजीरवाल्या मावशींनी तिसऱ्या दिवशी मला हटकलंच. मी तेव्हा अर्थशास्त्रात एम.ए. करत होते. धनंजयराव गाडगीळांची पुण्याच्या फळबाजाराची पाहणी ग्रंथालयात हाती लागली होती, 1933 साली गोखले इन्स्टिट्यूटनं छापलेली. ती वाचून वाटलं, आपणही एका फळाचा माग काढावा.

मावशींनी हमाली, तोलाई, अडत, टेम्पोचं भाडं सगळं तोंडपाठ सांगितलं. मग एक अंजीर उलटं करून त्याचा उललेला डोळा दाखवला. "हे सांजेपर्यंत खपलं नाही तर टाकायचं. तेही लिही." लिहिलं.

माल पुरंदरचा होता. रविवारी सासवडची एसटी धरून दिवे घाट चढले. बागेतल्या काकांनी खत, औषध, मजुरी, मोटारीचं वीजबिल असं एकेक सांगितलं. पाण्याचे किती धरू, असं विचारल्यावर ते चकितच झाले. "पाण्याचे कसले पैसे? बोअर आपलीच आहे." त्यांच्या बांधापलीकडच्या वस्तीवर त्याच वेळी टँकर आला होता. निळी पिंपं, कळश्या, हंडे, आणि पाइप आधी कुणाच्या पिंपात सोडायचा यावरून भांडण. जमिनीखालचं पाणी दोघांचं एकच. माझ्या वहीत पाण्याचा रकाना कोरा राहिला.

त्या रकान्यानंच मला पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात ओढलं. पुढे नोकरी लागली, विकास प्रकल्पांचा नफातोटा मांडण्याची. पाणलोटाच्या एका कामात मी बायकांचा पाणी भरण्यातून वाचणारा वेळ लाभाच्या बाजूला धरला. वरिष्ठांनी ते पान काढून टाकलं. या वेळेला बाजारभाव नाही, म्हणाले. मी पुन्हा त्या गावी गेले, पहाटे चारपासून विहिरीवर घड्याळ घेऊन बसले. एक बाई तीन खेपा करून गेली आणि लगेच रोजगार हमीच्या कामावर निघाली. मी तिच्या त्या तीन खेपांना रोजगार हमीच्याच मजुरीचा दर लावला. ते पान मग राहिलं. इतका आनंद मला कुठल्याच बढतीनं दिला नाही.

पाण्याची वाटणी कशी करावी, हे मात्र मला पुस्तकांपेक्षा पुरंदरमधल्याच नायगावनं शिकवलं. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणशी द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. हे नियम पहिल्यांदा कळले तेव्हा मी ते घरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते.

आता दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मंडईत जाते. अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून त्यांना सांगते, की नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. एका कामावर घातलेला रुपया दुसऱ्या कुठल्या कामाचा होता, हा प्रश्न मुलांनी तिथंच, त्या दगडांकडे बघत विचारावा असं मला वाटतं.

मावशींच्या जागी आता त्यांची सून बसते. यंदा पाटीत अंजिरं कमी होती. "काकांची बोअर आटली," ती म्हणाली. "टँकर घालून बाग जगवतायत." एका टँकरचे किती पडतात, ते तिला ठाऊक होतं. बरोबरच्या एका मुलीनं वही उघडून पाण्याच्या रकान्यात तो आकडा लिहिला.