दोन्ही बाजूंचे रबर

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत स्वतःला 'हम' म्हणायची घरची सवय मराठीत 'आम्ही' होऊन उतरते आणि वर्गातल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसतात. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, या लेखातले 'आम्ही' म्हणजे एकटी फुफी आहे, आणि विषय आहे बेचकी. कोकणात कोणी गलोल म्हणतात, आमच्या घरात बेचकीच म्हणत.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे इंग्लंडला, बर्मिंगहॅमला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी तेरा वर्षांच्या भाच्याने मासे गरवायच्या सामानाची पिशवी आमच्यासमोर उपडी केली. काठ्या, दोरा, रंगीत बुचे, गळांच्या डब्या आणि त्यांच्यात एक निळी बेचकी. आम्ही ती हातातही घेतली नाही. भावाने ते पाहिले आणि चहा ओतू लागला.

त्याचे कारण १९९० सालचे आहे. आम्ही अकरा वर्षांच्या, भाऊ नऊ वर्षांचा. पेरूच्या फांदीची बेचकी, सायकलच्या ट्यूबचे रबर, जुन्या चपलेच्या चामड्याची झोळी. घरामागच्या आंब्यावर आम्ही नेम धरला होता आणि भाऊ आमच्या खांद्याला टेकून, नेम बरोबर लागतो का ते बघत होता. डाव्या बाजूचे रबर फांदीपाशी तुटले. तुटलेले टोक गाठीसकट मागे आले, ते आमच्या गालाला चाटून त्याच्या डोळ्यावर बसले. आठ दिवस पट्टी होती. डोळा वाचला, अल्लाहचे शुक्र, पण त्या डोळ्याला आजही धूसरच दिसते.

अब्बांनी आम्हाला मारले नाही. संध्याकाळी जवळ बसवून हदीस सांगितली, सहीह बुखारीत आहे ती. बोटांनी खडे भिरकावू नका, त्याने ना शिकार होते ना शत्रू जखमी होतो, पण डोळा फुटतो आणि दात तुटतो, अशा अर्थाची. मार खाल्ला असता तर बरे झाले असते असे नंतर कितीदा तरी वाटले. घरात पुन्हा त्या दिवसाचा विषय कोणी काढला नाही. आम्हीही नाही, भावानेही नाही.

आणि आता त्याच भावाच्या घरात, त्याच्याच मुलाच्या हातात बेचकी!

शनिवारी तळ्यावर गेलो. तिथे १५ मार्च ते १५ जून नद्यांवर गळ टाकायला बंदी असते, माशांचा विणीचा हंगाम म्हणून. बहुतेक तळ्यांना ती लागू नाही. आपल्याकडे १ जूनपासून यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, तसेच हे. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गळाच्या काठीचा सरकारी परवाना लागतो. मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. भाच्याने आपला परवाना आम्हाला पासपोर्टसारखा दाखवला.

तिथली बेचकी दगडासाठी नसतेच. माशांना चारा टाकण्यासाठी असते. खाडीवर आपण गरी टाकतो आणि वाट बघतो. ही मंडळी गळ जिथे पडला तिथेच थोडे थोडे खाणे पाडत राहतात, म्हणजे मासे तिथे गोळा होतात. हाताने मूठभर दाणे फेकले तर आठ-दहा मीटरवर विखरून पडतात. बेचकीने तेच वीस-पंचवीस मीटरवर, एका घमेल्याएवढ्या जागेत पडतात. एका वेळी दहा-पंधरा दाणे, पण न चुकता. एकदम ओतले तर माशाचे पोट भरते आणि गळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. पंगतीत आधीच भजी खाऊन बसलेल्या पाहुण्यासारखे.

बहुतेक लोक चारा म्हणून अळ्या वापरतात. डबीत वळवळणाऱ्या जिवंत अळ्या! आम्ही स्पष्ट नाही म्हटले. मग आमच्यासाठी डब्यातले मक्याचे दाणे काढले गेले.

भाऊ पिशवीतून एकेक बेचकी काढून दाखवू लागला. तीन होत्या. पहिल्या वर्षी त्याने दुकानातली सर्वांत जोरकस बेचकी घेतली होती, ती आता पडून आहे. जाड, पोकळ नळीचे रबर, मोठा दुबेळका आणि कडक वाटीसारखी झोळी. भिजवलेल्या चुऱ्याचे संत्र्याएवढे गोळे लांब टाकायला ती ठीक. तिच्यातून मक्याचे दाणे मारले तर हवेतच पांगतात. शिवाय जोर जास्त असल्यामुळे रबर अर्धेच ओढावे लागते, आणि अर्धे म्हणजे किती हे दर वेळी हाताला सारखे कळत नाही. रबर असे निवडावे की हव्या त्या अंतरासाठी ते सहज, पण जवळजवळ पूर्ण ताणले जाईल. मग प्रत्येक वेळी ओढ आपोआप सारखी येते आणि दाणे तिथेच पडतात. रबराचा रंग बघून जोर ठरवू नये, रंग कंपनीगणिक बदलतो. दुकानात हातात घेऊन ओढून बघावे.

दाण्यांसाठी झोळी लहान, मऊ आणि जाळीची हवी. मागे धरायला शेपटीसारखी पट्टी असते, ती चिमटीत धरायची. झोळीच पकडली तर आतला चारा चिरडतो. दुबेळक्याची दोन टोके पुरेशी लांब हवीत, नाहीतर झोळी बोटांच्या पेरांवर येऊन आपटते. भाच्याच्या हाताला भावाची बेचकी मोठी पडत होती, म्हणून त्याला वेगळी. शिवाय ती भडक रंगाची, गवतात पडली तरी दिसावी म्हणून. आमच्या मते रंगाचा हा एवढाच उपयोग खरा.

आम्हाला सर्वांत नवल वाटले ते धरण्याच्या रीतीचे. आपण पोरे झोळी डोळ्यापर्यंत ओढून नेम धरायचो. हे लोक तसे करत नाहीत. झोळीचा हात खाली, कमरेपाशी. दुबेळक्याचा हात पुढे आणि वर. दाणे कमान करून जातात. डोळा रबराच्या रेषेत येतच नाही. भाच्याचा चष्मा शून्य नंबरचा आहे हेही तेव्हाच कळले. बापाची अट होती, चष्म्याशिवाय बेचकीला हात लावायचा नाही. आणि त्याच्या खांद्यामागे कोणी उभे राहायचे नाही.

आम्ही पिशवीपाशी खुर्ची टाकून लांबच बसलो. भाऊ मात्र बेचकी वापरायच्या आधी रबर दोन्ही हातांत घेऊन थोडे थोडे ताणत, उजेडासमोर फिरवून पाहत होता. आधी दुबेळक्याची टोके, मग झोळीजवळची. रबर तिथेच जाते. बारीक भेगा, पांढुरकेपणा, एखादी चीर दिसली की कापून टाकायचे, अजून एक दिवस चालेल असे म्हणायचे नाही. आणि एक बाजू गेली तरी दोन्ही बदलायच्या. एक नवे, एक जुने असले की ओढ असमान होते, दाणे एका बाजूला जातात, आणि जुने आधी तुटते. नवे तुकडे मोजून सारख्या लांबीचे कापायचे. टोकावर चढत नसेल तर पाण्याने ओले करायचे, तेल अजिबात नाही. तेलाने रबर फुगते, सडते.

हे सांगताना त्याने आमच्या हातांकडे पाहिले. "आपा, खोबरेल लावलंस ना सकाळी?"

लावले होते. भाच्याने लगेच साबणाची बाटली काढली. तळ्याच्या काठी, पंचेचाळिशी ओलांडलेल्या शिक्षिकेला विद्यार्थ्यासारखे हात धुवायला लावले.

अस्रची नमाज आम्ही तिथेच गवतावर चादर टाकून पढलो. मे अखेरीस तिथे मगरीब रात्री नऊनंतर होते, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. नमाजनंतर भाचा काठीपाशी गेला आणि आम्ही दोघेच उरलो. आम्ही पहिल्यांदा विचारले, "तुला भीती नाही वाटत? त्या दिवसानंतर?"

तो रबरच पुसत होता. म्हणाला, "आपा, ती ट्यूब कुठून आली होती, आठवतं?"

आम्हाला आठवत नव्हते.

"मी आणली होती. वखारीच्या कौलांवर पडलेली. दोन उन्हाळे तिथेच होती. कापताना तिला भेगा दिसत होत्या. मला वाटलं, ओढलं की जुळतील."

चौतीस-पस्तीस वर्षे आम्ही असे समजत होतो की आम्ही फार जोराने ओढले. तो म्हणाला, त्याला वाटायचे आपाला हे माहीत आहे आणि ती अब्बांना सांगत नाही. आम्ही काय बोललो ते नीट आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. तेवढ्यात भाच्याने मोठ्याने हाक मारली, कार्प लागला होता. रोहू-कटल्याच्याच घराण्यातला मासा. ओल्या जाळीत धरला, गळ काढला आणि परत सोडला. तळ्याचा नियमच तसा. खायचा नाही तर पकडायचा कशाला, हे आम्हाला तेव्हाही पटले नाही, आजही नाही. भावालाही फारसे पटत नसावे. खाण्यासाठी तो उन्हाळ्यात वेल्सच्या किनाऱ्यावर जातो, तिथे मिळणारा मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद.

निघण्याआधी आम्ही निळी बेचकी घेतली. चष्मा भाच्याचाच घातला. पहिले दाणे पायाशी पडले. दुसरे बदकांच्या जवळ, त्यावर "फुफी, पक्षी असले की थांबायचं!" अशी तंबी मिळाली. पाचव्या खेपेला लाल बुचाच्या आसपास पाण्यावर टपटप झाली.

घरी आल्यावर झोळी गोड्या पाण्याने धुतली, कारण वाळलेला चुरा जाळीत दगडासारखा बसतो. रबर फडक्याने पुसून सावलीत वाळत ठेवले. हिटरवर नाही, गाडीच्या मागच्या काचेत तर नाहीच, कारण ऊन हाच रबराचा मोठा वैरी. वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर चोळली आणि न ताणता, न गुंडाळता कपाटातल्या अंधाऱ्या डब्यात. जास्तीचे रबरही त्याच डब्यात.

परवा भाच्याने फोटो पाठवला. डाव्या बाजूला टोकापाशी रबर पांढुरके झाले आहे, अजून चालेल का, असे रोमन अक्षरांत पण आपल्या बोलीत विचारले होते. आम्ही वर्गात होतो, तरी लगेच उत्तर दिले. दोन्ही बाजू बदल. आजच.