वाटूरची वाट आणि बाळाची गाडी

जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही अंगांना काळीभोर रानं सुरू होतात. कुठं कापूस, कुठं सोयाबीन नि तूर, मधूनच एखादी मोसंबीची बाग. याच रस्त्यावर वाटूर फाटा लागतो. इथून एक वाट परतूरकडे फुटते नि मोठा रस्ता सरळ मंठ्याला जातो. एसटी थांबली, की पिशव्या, बोचकी, लेकरं सांभाळत बायका उतरतात. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालंय, तेव्हापासून माहेरी जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे असं कंडक्टर सांगतात. मला तर ते पटलं!

वाटूर हे काही सहलीला जायचं गाव नव्हे. इथं लेणी नाहीत, धबधबा नाही. हवा खायला म्हणून तर उन्हाळ्यात कुणी फिरकणारच नाही. परतूर तालुक्यातलं हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका इकडे आला. माझ्या नणंदेचं, वन्संचं, हे सासर. तिची लेक, म्हणजे माझी भाची, पुण्याला असते. नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हणून ती सातव्या महिन्यात वाटूरला आली, आणि दिवाळीनंतर मीही चांगली तीन आठवडे तिथं राहून आले. त्या मुक्कामात जे पाहिलं-ऐकलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी या दिवसांत हाच विषय चालू असेल.

वन्संचं घर जुनं, माळवदाचं. भिंती हातभर रुंद, आत शिरलं की गारवा. आढ्याच्या कडीला अजून लोखंडी आकडा आहे. या घरातल्या तीन पिढ्यांची लेकरं त्या आकड्याला बांधलेल्या झोळीत वाढली. वन्संच्या सासूबाईंना सगळं घर ‘माय’ म्हणतं. वय सत्तरीच्या पुढं, पण नजर अशी, की पातेल्यातल्या दुधाला साय किती आली ते लांबून सांगतील.

वादाला सुरुवात झाली ती एका बाबागाडीवरून. भाचीनं मोबाइलवर एक गाडी पसंत करून ठेवली होती. निळी, घडीची, डोक्यावर छत्री असलेली. “मामी, बघा ना. आता मागवली तर आठ दिवसांत येईल.” वन्सं नुसत्याच माझ्याकडे बघत राहिल्या. कारण आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही आणत नाहीत. ना पाळणा, ना झबलं. बारशापर्यंत जुन्या धोतराची नि लुगड्याची दुपटी चालवायची, हीच रीत. माय तर सरळ म्हणाल्या, “आत्ता काही आणायचं न्हाई. या घरात आणत नसतेत.”

भाची हिरमुसली. शिकलेल्या मुलीला हे अंधश्रद्धेचंच वाटणार. मलाही तसंच वाटत होतं. पण रात्री निवडायला भाजी घेऊन बसलो तेव्हा मायनी आपण होऊन सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दिवसभर खडी फोडली होती. पुढच्या वर्षी पाऊस आला नि तो आला तसा थांबेचना. त्यांचे दिवस भरले होते. त्यांच्या आईनं हौसेनं चार झबली, दोन टोपडी नि एक कुंची शिवून ठेवली होती. रात्री कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. बैलगाडी जुंपली. पण काळ्या मातीचा चिखल तुम्हाला माहीत आहे. चाकाला बसला की चाक फिरत नाही, गाडी नुसती ओढली जाते. ओढ्याला पाणी होतं. पाणी उतरायची वाट बघत गाडी पहाटेपर्यंत काठावर उभी राहिली. बाळ गाडीतच झालं. रडलं नाही. “मुलगा होता,” माय म्हणाल्या. घरी येऊन बघतात, तर ती झबली दांडीवर वाळत घातलेली.

एवढं बोलून त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “लेकराच्या गाडीचं मागून बघा. पहिलं हिच्या गाडीचं बोला. रातच्याला पोट दुखायलं तर कोण नेणार? कुठं नेणार?”

खरं सांगते, इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या तोंडी आला नव्हता. डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीची चर्चा झाली होती, फुलांच्या वाडीची झाली होती, नावांची तर रोजच होत होती.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही कंबर कसली. वाटूरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. साधं, नैसर्गिक बाळंतपण अशा केंद्रात होतं. परतूरला ग्रामीण रुग्णालय आहे. आणि शस्त्रक्रियेची, रक्ताची वेळ येईल असं वाटलं तर जालन्याला गांधी चमनजवळ खास बायकांचं जिल्हा रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते; २०१६ पासून ही पद्धत सुरू आहे. आशाताई भाचीला घेऊन गेल्या. वजन, हिमोग्लोबिन ठीक. रक्तदाब मात्र चढलेला, पायांवर सूज. डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं, की बाळंतपण जालन्यालाच, आणि आठवड्याला दाब मोजायचा.

भाचीचा चेहरा उतरला. पण हे आधी कळलं, हीच मोठी गोष्ट नाही का? डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं, हे त्यांनी तिच्या नवऱ्यालाही फोनवर सांगितलं. ते मला फार आवडलं. एरवी सगळ्या सूचना बाईलाच!

घरी आल्यावर वन्संच्या धाकट्या दिरांनी दाराच्या मागच्या बाजूला खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: १०८. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे नि फुकट आहे. त्याखाली आशाताईंचा नंबर, त्याखाली शेजारच्या जीपवाल्याचा. जीपमध्ये डिझेल भरून ठेवायचं, हे ठरलं. एका पिशवीत कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, बँकेचं पासबुक, दोन सैलसर गाऊन, धुऊन उन्हात वाळवलेली सुती लुगड्याची फडकी. पिशवी दाराशेजारच्या खुंटीला. हे सगळं मायना चाललं, कारण त्यात बाळाचं नवं असं काही नव्हतं.

पैशांचंही थोडं सांगते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे मोफत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या नि अनुसूचित जाती-जमातींच्या खेड्यातल्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. शिवाय मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये. त्याच्या अटी आहेत. आशाताईंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतात.

बाळंतिणीची खोली म्हणजे वाटूरला एक संस्थानच असतं म्हणा ना! बाज, बाजेखाली शेगडी, ओवा नि बाळंतशेपांची धुरी, दारं-खिडक्या गच्च बंद. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू. लाडूंना माझी काहीच हरकत नाही, मीसुद्धा मुक्कामात चार-पाच हाणले! पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो, नि झोपेतच माणूस गुदमरतं. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी घ्या, खिडकी किलकिली ठेवा. गुटीचंही तसंच. पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि पहिला पिवळसर चीक टाकून देण्याची रीत अजून कुठं असेल तर ती तेवढी मोडाच. माय यावर गप्प राहिल्या. शेगडी मात्र त्यांनी स्वतःच उचलून परसात नेली.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशींची आठवण होते. १८७८ साली त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांचं होऊन गेलं, आणि त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. सगळ्यांनाच अमेरिकेला जाणं जमत नाही. मायनी दाराच्या मागं नंबर लिहून घेतले.

आता त्या बाबागाडीकडे येते. ही गाडी मुळात साहेबाच्या देशातली. १७३३ साली विल्यम केंट नावाच्या माणसानं एका ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली होती. ती आया ओढत नव्हत्या, बकरी किंवा लहान घोडा जुंपायचा! आपण आज घडी घालून काखोटीला मारतो ती छत्रीसारखी मिटणारी गाडी मात्र अलीकडची, १९६५ ची. ओवेन मॅक्लारेन हे विमानांच्या चाकांची कामं केलेले इंजिनिअर. नातीची अवजड गाडी वागवताना मुलीची होणारी तारांबळ त्यांनी पाहिली नि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी गाडी बनवली. आजोबा असावेत तर असे!

भाचीनं पसंत केलेली गाडी दिसायला सुरेख होती. पण आम्ही दोघी संध्याकाळी गल्लीतून फाट्याकडे चालत गेलो, तेव्हा मी तिला म्हटलं, तुझी गाडी इथून ढकलत नेतेयस असं समज. घरापुढं थोडा सिमेंटचा रस्ता, मग फरशी फुटलेली, मग नाली, मग मुरूम, आणि त्यापुढं काळी माती. सुपारीएवढी चाकं तिथं काय करणार? माती भरेल नि रुतेल. खडबडीत वाटेला चाक मोठं, रबरी हवं. पण मोठ्या चाकांची गाडी जड, नि पुण्यात तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातून चारदा बंद. तेव्हा पहिला प्रश्न हा, की गाडी वर्षातले किती दिवस कुठं चालणार? तिचं उत्तर पुणे होतं. मग पुण्याच्या दाराची, जिन्याची नि लिफ्टची मापं घेऊन नवऱ्यानं फोनवर कळवली. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हातानं घडी घालता येते का, हे मात्र दुकानात स्वतः करून बघावं. चित्रात सगळ्याच गाड्यांची घडी चुटकीसरशी होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. त्याला बसत्या गाडीत ठेवलं, तर हनुवटी छातीला टेकते नि श्वास कोंडतो. सहा महिन्यांपर्यंत पाठ पूर्ण सपाट होणारीच गाडी हवी. भाचीची निळी गाडी तिथं नापास झाली. ती अर्धीच मागं कलत होती. हेच झोळीलाही लागू आहे, बरं का. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं. जागेपणी, कुणी समोर बसलेलं असताना घटकाभर ठीक. रात्रभराच्या झोपेला सपाट पाळणा नि पाठीवर निजवणं चांगलं. पट्टे पाच ठिकाणी बांधायचे असावेत, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. ब्रेक पायानं लागावा. गाडीच्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका, बाळ उचललं की गाडी उताणी पडते. आणि ऊन लागतं म्हणून वरून दुपटं टाकून गाडी झाकू नका, आत भट्टी होते. मराठवाड्याच्या उन्हात तर विचारूच नका.

मायना हे सगळं ऐकून गंमत वाटत होती. त्या म्हणाल्या, “आमच्या लेकरायला पांगुळगाडा होता की. पण तो लेकरानं ढकलायचा, आईनं न्हाई.” अगदी खरं! तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. त्यापेक्षा बाळाला आत बसवून फिरवायचा तो चाकांचा वॉकर वाईट. कॅनडानं तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

डिसेंबरच्या एका रात्री, दिवस भरायला बारा दिवस असताना, भाचीचं डोकं दुखायला लागलं. मी तोवर घरी परतले होते, वन्संनी फोनवर सांगितलं. माय सगळ्यांच्या आधी उठल्या, पिशवी खुंटीवरून काढली नि दारात जाऊन उभ्या राहिल्या. जालन्याला पोचल्यावर सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, दोन किलो सहाशे ग्रॅम. रडली ती अशी, की बाहेर बाकावर बसलेल्या मायना ऐकू आली.

बाराव्या दिवशी दोघी दवाखान्यातून घरी आलेल्या होत्या. बारसं घरातच, घुगऱ्या वाटून झालं. पाळणा शेजारणीकडचा. बाबागाडी त्यानंतर दोन आठवड्यांनी आली. निळी नव्हे, राखाडी, पाठ सपाट होणारी, मधल्या आकाराच्या चाकांची. वाटूरच्या गल्लीत ती सिमेंट संपेपर्यंत जाते, तिथून माय बाळाला उचलून घेतात नि रिकामी गाडी वन्सं परत आणतात.