पेडण्याच्या किनाऱ्यावर कोठे उतरावे, कोठे जेवावे

गोव्याहून परतलेल्या आप्तेष्टांना "कोठे उतरला होतात?" असे विचारले की कळंगुट, बागा नाही तर पणजी, ही तीनच नावे बहुधा ऐकू येतात. शापोरा नदी ओलांडून पेडणे तालुक्यात मुक्काम केलेले कुटुंब आमच्या इंदुरात क्वचितच भेटते. आम्ही मात्र गेली काही वर्षे हिवाळ्यात गोव्यास निघालो की मोरजी ते तेरेखोल या पट्ट्यातच बिऱ्हाड टाकतो आणि परतण्यापूर्वी दोन दिवस डिचोलीकडे काढतो. तेथील राहण्याजेवण्याची माहिती अनेकांनी विचारली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके गोव्याच्या 'नव्या काबिजादी'तले. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील देवळांवर जो प्रसंग ओढवला, तो येथे ओढवला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तोवर त्यांचा धर्मवेडाचा भर ओसरला होता. त्याआधी येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून येथल्या देवळांत कीर्तने आणि दशावतारी नाटके मराठीत होतात. घरची बोली मात्र मालवणीच्या अंगाने जाणारी कोंकणी. "तुमचो गांव खंयचो?" असे विचारणाऱ्या यजमानीणबाईंना आम्ही मराठीत उत्तर देतो आणि कोणाचेच काही अडत नाही. चार पिढ्या माळव्यात काढलेल्या कुटुंबाला याचे अप्रूप किती वाटते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

प्रवासही आता सोपा झाला आहे. कोकण रेल्वेचे पेडणे स्थानक आहेच. शिवाय जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरील विमानतळ सुरू झाला, तोही याच तालुक्यात. या सोयीची दुसरी बाजू पुढे येईलच.

दक्षिणेकडून निघाले तर पहिले गाव मोरजी. शापोऱ्याच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात अंडी घालावयास येतात आणि वनखाते त्या घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करते. तेथे रात्री दिवे व गोंगाट नको, हे मुलांना आधीच समजावून ठेवावे. रशियन प्रवाशांची वर्दळ या गावी इतकी, की काही भोजनगृहांच्या पाट्या त्यांच्या लिपीत लिहिलेल्या असतात. मोरजीत आम्ही कासवांची घरटी पाहिली, जेवलो मात्र नाही.

पुढे आश्वे आणि मांद्रे. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा जो खेळ हवाई बेटांवरून जगभर गेला, तो सर्फिंगचा खेळ आता या वाळूवर शिकवला जातो. पावसाळा सरला की येथली लाट मवाळ होते, म्हणून नवशिक्यांना ती बरी. आमच्या पुतण्याने तीन सकाळी फळीवरून पडण्यात घालवल्या आणि चौथ्या सकाळी तो क्षणभर उभा राहिला. त्या क्षणाचे वर्णन आम्ही अद्याप ऐकत आहोत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मात्र समुद्रात पाऊलही टाकू नये, आणि जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तेथे कोणत्याच ऋतूत उतरू नये.

मुक्कामासाठी आमची पहिली पसंती मांद्र्यास. किनाऱ्यालगतच्या बांबूच्या झोपड्या तरुणांना शोभतात. वडीलधारी मंडळी बरोबर असली की त्यांना रात्रीच्या संगीताचा त्रास होतो. वाळूपासून दहा मिनिटे आत चालत गेले की माडांच्या बागेत कौलारू घरे लागतात आणि त्यांतील कित्येक घरचे लोक दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात. अंगणात तुळशीवृंदावन आणि ओसरीवर म्हातारी माणसे दिसली की तेथे खुशाल चौकशी करावी. खोली साधी असते, पण विहिरीचे पाणी, सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत येणारा पोदेर आणि त्याच्याकडचे गरम उंडे, एवढे सुख पुरे होते. दर आधी ठरवावा, आणि जेवण घरी मिळेल काय हेही त्याच वेळी विचारावे. याचे उत्तर 'होय' आले तर दुसरी खोली पाहूच नये.

हरमल पाहावे, राहू नये, असे आमचे मत. टेकडीला वळसा घालून गेले की समुद्राच्या अगदी कुशीत गोड्या पाण्याचे तळे लागते. ते नवल खरेच पाहण्याजोगे आहे. परंतु तेथली दुकानांची रांग पार करताना आपण कोणत्या देशात आहोत याचा विसर पडतो. ज्यांना निवांतपणा हवा त्यांनी केरीस जावे. तेथे सुरूचे बन आहे आणि नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदी समुद्रास मिळते तेथे ओढ फार असते, तेव्हा पोहण्याचा मोह आवरावा. फेरीबोटीने पलीकडे गेले की गंमत अशी, की नदीच्या उत्तरेस असूनही तेरेखोल गोव्याचेच, आणि तेथे खुष्कीच्या वाटेने जावयाचे तर महाराष्ट्रातून जावे लागते. किल्ला सावंतवाडीकरांनी बांधला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. पुढे त्याच किल्ल्यात हॉटेल झाले. आम्ही तेथे कधी उतरलो नाही, पण तटावरून दिसणारा समुद्र मनसोक्त पाहिला.

आता जेवण. आमच्या कुटुंबात दोन पक्ष आहेत. एक मासळीचा, दुसरा मातोश्रींचा. मासळीच्या पक्षाने खानावळीत ताट मागवावे: उकड्या तांदळाचा भात, नारळ वाटून केलेले हुमण, तळलेला एखादा तुकडा, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर आणि शेवटी सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तेफळ पडते. त्याच्या वासाने तोंडाला सुटणारे पाणी इंदुरात कोठे सुटावयाचे! मिळाला तर कोरगुट तांदळाचा भात मागावा. खारे पाणी सोसणारे हे भात खाजन शेतीत होते आणि त्याचा दाणा जाड, लालसर व चवीचा असतो. मातोश्रींच्या पक्षासाठी सोमवार उत्तम, कारण त्या दिवशी पुष्कळ हिंदू घरांत मासळी शिजत नाही. खतखते, आळसांद्यांचे तोंडाक, मुगागाठी आणि गोडास मणगणे, एवढे पानात पडले की मातोश्री गोव्यास नावे ठेवीत नाहीत. सकाळच्या न्याहारीस कोणत्याही गावच्या चहाच्या दुकानात पातळ भाजी आणि पाव मिळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दिवसांत ताज्या मासळीचा हट्ट धरू नये.

ज्या खानावळीत आम्ही हे सारे प्रथम जेवलो, ती मांद्र्यातील एका मावशींची. पुढची पडवी, चार बाके, आत चूल. पाटी नव्हतीच. गेल्या खेपेस गेलो तेव्हा मावशी ओसरीवर बसून होत्या आणि पडवीत परक्या गावच्या चालकाने पिझ्झाची भट्टी मांडली होती. विमानतळ झाल्यापासून जमिनीचे आणि जागेचे भाव चढले. मुलाने पडवी भाड्याने दिली. "म्हयन्याक पैशे येतात, खांदे दुखनात," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यांनी तीस वर्षे नारळ वाटले हे ठाऊक असल्यामुळे आम्हांला काही बोलवले नाही. मुलावर राग धरण्याचेही कारण दिसेना. मावशींनी आग्रहाने सोलकढी पाजली, घरातली. एक गोष्ट मात्र त्यांनी सहज सांगितली ती येथे नोंदवतो: अलीकडे येणारी आपली माणसेसुद्धा आधी पनीर आहे काय हेच विचारीत. मागणी असेल तेच चुलीवर चढते. तेव्हा वाचकांना विनंती अशी, की पेडण्यास जाऊन बटाटेवडा आणि पनीर मागू नये, "आज घरात काय शिजले आहे?" असे विचारावे आणि ते पानात घ्यावे. आम्ही सध्या ज्या घरी जेवतो, तेथील सूनबाई या प्रश्नाने अजून खुलतात.

मोरजीची ग्रामदेवता मोरजाई आणि डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई या लोकश्रद्धेप्रमाणे सख्ख्या बहिणी. किनाऱ्यावरून डिचोलीकडे वळावयास आम्हांला हे नाते पुरेसे वाटते. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते आणि व्रतस्थ धोंड अग्निदिव्य करतात. परंतु २०२५ सालच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, तेव्हा मुलेबाळे व वृद्ध घेऊन गर्दीच्या रात्री न जाता एरवी शांतपणे दर्शन घ्यावे. डिचोलीत मुक्कामाला समुद्र नाही, म्हणून गर्दीही नाही. मयेचे तळे, हरवळ्याचा धबधबा व लेणी, आणि बाजारातल्या खानावळीत दुपारचे जेवण, असा दिवस बेताने जातो. खानावळीत मात्र लवकर जावे. उशिरा जाणाऱ्याच्या वाट्यास मासळी उरत नाही.

दुसरा दिवस नार्व्याचा. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरील मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपार आणले गेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने नार्व्यास आजचे देऊळ उभे राहिले. त्याचा जीर्णोद्धार होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. दर्शन आटोपून नार्व्याच्या फेरीबोटीने दिवाडीस आणि तेथून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्यास जाता येते. डिचोलीच्या कुंभारांकडून हुमणासाठी मातीचे मडके घेतले असेल, तर ते सामानात न घालता मांडीवर धरून बसावे. आमची दोन मडकी अशीच इंदुरापर्यंत शाबूत पोहोचली.