पणतीवर फिरणारा कंदील

बाजारात हल्ली जो फिरता आकाशकंदील मिळतो, त्याच्या पोटात मोटर असते. बटण दाबलं की एकाच चालीनं घरघरत राहतो. मला तो बघवत नाही. आमच्याकडे दिवाळीला अजून फिरता कंदील घरी होतो, आणि तो फिरतो पणतीच्या गरम हवेवर.

बाहेर कामट्यांचा षटकोनी सांगाडा, त्यावर खळीनं चिकटवलेला पातळ पांढरा कागद. आत कागदाचं नळकांडं, त्याच्या माथ्यावर पुठ्ठ्याची चकती आणि चकतीत कापलेली पाती. पणतीवरची हवा तापते, हलकी होऊन वर चढते आणि तिरक्या पात्यांना ढकलत बाहेर पडते. २० अंशाला घनमीटरभर हवेचं वजन साधारण १.२ किलो, १०० अंशाला ०.९५ किलोच्या आसपास. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चालायचा, म्हणून आतलं काहीही जड चालत नाही. जाड पुठ्ठा नको, गोंदाचे थर नकोत, टिकल्या तर नकोतच.

खरी गोम टेकूत आहे. आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी ती दाखवली. त्यांनी डबीतून एक टिचबटण काढलं, फुगीर बाजूचा अर्धा तुकडा उलटा करून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “हा खळगा बघ. सुईचं टोक यातून घसरतंय का सांग.” नाहीच घसरत. तो तुकडा चकतीच्या बरोबर मध्यावर, खळगा खाली येईल असा चिकटवायचा. खालून सायकलचा जुना आरा उभा करायचा, त्याचं टोक कानशीनं घासून अणकुचीदार करायचं. आरा पणतीच्या बाजूनं वर न्यायचा आणि ज्योतीच्या पुष्कळ वर मध्यावर वळवायचा. टेकू माथ्यावर आणि नळकांडं खाली लोंबतं, त्यामुळे ते कलंडत नाही. नुसत्या फुंकरीनं गरगरलं तर ठीक. अडखळलं तर पणती लावण्यात अर्थ नाही.

पाती कापायला चकती कागदावर काढून तीनदा घडी घातली की आठ भाग पडतात. कड आणि मध्य सोडून कापायचं, एकेक पातं एकाच दिशेला किंचित उचलायचं. फार उचललं तर हवा सरळ निघून जाते, कमी उचललं तर कोंडते. माझी भाची जर्मनीत ड्रेस्डेनला असते. तिकडच्या एर्झगेबिर्ग डोंगराळ भागात नाताळसाठी लाकडी मनोरे करतात, तेही मेणबत्त्यांच्या ऊबेवर फिरतात. त्यांची पाती खुंटीवर बसवलेली असतात, हातानं हवी तशी वळवता येतात. ही सोय बाकी आपल्या पुठ्ठ्याला नाही.

पाती कुठल्या बाजूला उचललीत त्यावर फिरण्याची दिशा ठरते. म्हणून चित्रं शेवटी. आमच्या कंदिलावर अंबारीचा हत्ती, पालखी, भालदार आणि सगळ्यांच्या मागे एक कुत्रा असतो; काळ्या कागदातून कापलेले. चित्र बाहेरच्या कागदाच्या जितकं जवळ, तितकी सावली रेखीव. पणती पेटवल्यावर लगेच काही होत नाही. आतली हवा तापेपर्यंत पोरं “फिरत नाहीये!” म्हणून ओरडतात. मग हत्ती सोंडेपासून हळूच सरकतो. वाऱ्याची झुळूक आली की मिरवणूक थबकते, पुन्हा चालू लागते. मोटरीला हे यायचं नाही.

एलईडी दिव्यावर हा कंदील हलत नाही, उगाच प्रयत्न करू नका. तो दिवा फार तापत नाही, हेच त्याचं कौतुक. जुना तारेचा बल्ब वीज बहुतेक उष्णतेतच घालवायचा, म्हणून कंदील त्याच्यावर चालायचा. लहान पोरांना आधी कागदाचा वेटोळा साप कापून, दोऱ्यानं गरम बल्बच्या वर टांगायला द्या. दोन मिनिटांत गंमत कळते.

बांधताना खालची आणि वरची बाजू उघडी ठेवा, नाहीतर हवा आत येणार कुठून आणि जाणार कुठे? झिरमिळ्या पणतीपासून लांब लावा, कंदील वाऱ्याच्या गॅलरीत न टांगता घरात आडोशाला ठेवा, आणि तो पेटता असताना घराबाहेर जाऊ नका.